कामटी, कागद आणि कंदील

मराठी शाळांना दिवाळीची सुट्टी असते, उन्हाळ्याची असते आणि डिसेंबरच्या शेवटी नाताळची असते. ज्यांच्या घरी नाताळ साजरा होत नाही, तेही ती याच नावाने ओळखतात. हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. तो पोर्तुगीज भाषेतल्या ‘नाताल’वरून आला, आणि त्याचे मूळ जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पोर्तुगीजांनी १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहकडून वसई मिळवली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, पण शब्द राहिला. आज वसईपासून शेकडो कोस दूर, गडचिरोलीच्या जंगलातल्या आश्रमशाळेतही सुट्टीचे नाव नाताळच असते.

या सुट्टीत महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबे हेमलकशाला जातात. भामरागड तालुक्यातल्या या गावी बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांसाठी तिथे दवाखाना चालवला. १९७६ साली शाळा सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्हीही गेलो होतो. जाताना वाटेत बल्लारपूर लागले, आलापल्लीचे सागवान लागले आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूची बेटे सुरू झाली. या लेखाचा विषय तो बांबू आहे, आणि त्याच्या कामट्यांपासून घरी बनणारी नाताळची चांदणी.

विषय सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. माझी मुलगी सहावीत असताना शाळेत कार्यानुभवाच्या तासाला चांदणी बनवून आणायला सांगितली होती. त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दरवर्षीचा तो संदेश फिरला. आपल्या मुलांना नाताळच्या वस्तू बनवू देऊ नका, केक खाऊ देऊ नका, हा ईमानाचा प्रश्न आहे, वगैरे. दुसऱ्या एका ग्रुपवर, तिथले बहुतेक सभासद हिंदू आहेत, वेगळा संदेश होता. हा परदेशी सण आहे, आपल्या मुलांना त्यापासून दूर ठेवा. दोन्ही संदेश लिहिणाऱ्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली तर त्यांचे बहुधा पटणार नाही. चांदणीबद्दल मात्र त्यांचे एकमत होते. म्हणून मी ही चांदणी मुळात कुणाची, हे शोधायला बसलो.

आधी ती बनते कशी ते पाहू. एकसारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून पाच टोकांची एक चांदणी बांधायची. तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोके दोऱ्याने घट्ट बांधायची. मग मधोमध जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी बोटभर लांबीच्या काड्या उभ्या अडकवायच्या, की चांदणी फुगते आणि तिच्या पोटात दिव्याला जागा होते. कणकेची किंवा मैद्याची खळ शिजवून तिने पतंगी कागद चिकटवायचा. एक बाजू दिवा लावण्यासाठी मोकळी सोडायची. झाली चांदणी.

ज्याने लहानपणी घरी आकाशकंदील बनवला आहे, त्याला यातले काहीच नवीन वाटणार नाही. ज्याने पतंग बनवला आहे, त्यालाही नाही. आणि ज्याने मोहरमच्या दिवसांत ताबूत बांधणाऱ्यांच्या हाताखाली खळ ढवळली आहे, त्याला तर अजिबात नाही. ताबुताचा सांगाडाही बांबूचा असतो. त्यावर रंगीत कागद आणि बेगड चढते, आतून उजेड दिसतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत प्रसिद्ध आहेत. ते बांधण्यात आणि उचलण्यात हिंदू घराण्यांचाही मान आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या गावोगावी हिंदू कारागीर ताबुतांसाठी काम करत आणि हिंदू घरांतून नवसही बोलले जात. पुढे १८९३-९४ नंतर पुण्यात वातावरण बदलले आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने तो सहभाग आटला, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. पण ज्या हातांनी ताबुताचे मखर बांधले, त्यांना गणपतीचे मखर बांधायला नव्याने काही शिकावे लागले नाही.

आता शब्द पाहा. ‘कंदील’ अरबी आहे. अरबीत तो ‘किंदील’, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘कान्देला’. त्याच मुळातून इंग्रजी ‘कँडल’ आला. म्हणजे चर्चमधली मेणबत्ती आणि दिवाळीचा कंदील ही एकाच घरातली भावंडे आहेत, आणि मधली वाट अरबीतून गेलेली आहे. ‘कागद’ फारसीतून आला. खळीचा ‘मैदा’ फारसी. केकमध्ये पडणारा ‘बेदाणा’ म्हणजे फारसीत बिनबियांचा. ‘बदाम’ आणि ‘जर्दाळू’ही तिकडचेच. ‘पाव’ पोर्तुगीज. आपल्या सणांच्या यादीतले शब्द एकेक करून हाकलायचे ठरवले, तर आधी कंदील विझेल आणि मग फराळाचे ताट रिकामे होईल.

कागदाची हकीकत तर आपल्या अगदी जवळची आहे. औरंगाबादजवळ, दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये, कागजीपुरा नावाचे गाव आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्यामागे आलेल्या कारागिरांनी तिथे हातकागद बनवायला सुरुवात केली असे परंपरा सांगते. हे कागजी मुसलमान होते. जुन्नरचे कागजी आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा हे याच धंद्याचे पुढचे थांबे. मराठेशाहीतल्या दफ्तरांचा कागद या हातांनी बनवला, आणि सणासुदीच्या सजावटीचा कागदही त्याच बाजारातून घरोघर गेला.

मग चांदणीत ख्रिस्ती काय आहे? मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पूर्वेच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणाऱ्या ताऱ्याचा उल्लेख आहे. तो विश्वासाचा भाग झाला. पण घरावर कागदी तारा टांगण्याची रीत बरीच अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीच्या सॅक्सनी भागात नीस्की येथे मोरेव्हियन पंथाच्या मुलांच्या शाळेत कागदी तारा तयार झाला, आणि तोही भूमितीच्या तासाला. त्या शतकाच्या शेवटी त्याचा कारखाना निघाला. फिलिपिन्समध्ये, जिथे जर्मन पुठ्ठा नव्हता पण बांबू मुबलक होता, तिथे लोकांनी बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद घेऊन तारा बांधला. ते त्याला ‘पारोल’ म्हणतात. आपली चांदणी जर्मनीच्या ताऱ्यापेक्षा त्या पारोलच्या जवळची आहे. बांबू जिथे उगवतो तिथले हात एकाच तऱ्हेने विचार करतात.

नाताळच्या इतर सजावटीचेही तसेच. झाड जर्मन घरांतले. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि त्यानंतर ते इंग्रजी घरांत सर्रास दिसू लागले. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ मधले, हेन्री कोल यांनी काढवून घेतलेले. गोठ्याचा देखावा यांपेक्षा पुष्कळ जुना आहे. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणून येशूच्या जन्माचा देखावा उभा केला, कारण लॅटिन न कळणाऱ्या गावकऱ्यांना ती गोष्ट डोळ्यांनी दिसावी अशी त्यांची इच्छा होती. हेच फ्रान्सिस चार वर्षे आधी, १२१९ साली, क्रुसेडच्या ऐन धामधुमीत इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सलाहुद्दीनचा पुतण्या सुलतान अल-कामिल याला भेटायला निःशस्त्र गेले होते. सुलतानाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांना सुखरूप परत पाठवले. गोठा पाहताना ही भेट मला नेहमी आठवते.

हा गोठा हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी कधी पाहिला? चारशे वर्षांपूर्वी. अकबराच्या निमंत्रणावरून १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोचले. १५९५ साली जेरोम झेवियर यांचे मिशन लाहोरला आले. पुढची काही वर्षे लाहोर आणि आग्रा इथे नाताळला गोठ्याचा देखावा मांडला जाई, आणि तो बघायला मुसलमान आणि हिंदू गर्दी करत, हे या पाद्र्यांच्या पत्रव्यवहारातून कळते. अकबराच्या सांगण्यावरून झेवियर यांनी अब्दुस्सत्तार यांच्या मदतीने येशूचे फारसी चरित्र लिहिले. ‘मिरआतुल कुद्स’ हे त्याचे नाव, साल १६०२. दरबारातल्या चित्रकारांनी त्यात चित्रे काढली. तो देखावा बघून कुणी मुसलमान राहिला नाही अशी नोंद मला तरी कुठे सापडली नाही.

मराठी मुलखात नाताळ तीन वाटांनी आला. पहिली वाट वसईची. तिथले ख्रिस्ती कुपारी आणि वाडवळ कुटुंबांतले, बोली सामवेदी आणि वाडवळी. त्यांच्या गावांतून तरुण मुले माती, पेंढा आणि बांबू घेऊन मोठाले गोठे उभारतात. दुसरी वाट अहमदनगरची. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली तिथे गेले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. त्यामुळे नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळला टाळ आणि पेटी निघते. तिसरी वाट विदर्भाची. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. त्यांनी गोंडांच्या भाषेच्या आणि रीतींच्या टिपणांचा मोठा साठा मागे ठेवला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापला. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने मिशन चालवले. त्यातले अलेक्झांडर वूड पुढे नागपूरचे बिशप झाले. मग १९६२ साली केरळच्या सीरो-मलबार कॅथलिक चर्चचा चांदा विभाग झाला. १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि केंद्र झाले बल्लारपूर.

हेमलकशाला जाताना आम्ही बल्लारपूरला एका स्नेह्याच्या घरी थांबलो होतो. घर मराठी ख्रिस्ती, सून केरळची. नाताळला चार दिवस होते. ओट्यावर सासूबाईंच्या करंज्या आणि शंकरपाळी होती, आणि शेजारी सुनेचे अचप्पम. तांदळाच्या पिठात नारळाचे दूध घालून पातळ केलेल्या मिश्रणात फुलाच्या आकाराचा लोखंडी साचा बुडवायचा आणि तो तापलेल्या तेलात धरायचा, की कुरकुरीत फूल सुटून वर येते. केक कुकरमध्ये चालला होता. तळाशी मीठ, त्यावर जाळी, त्यावर डबा, आणि झाकणाची शिट्टी काढलेली. साखर जाळून तिचा काळसर पाक केकच्या रंगासाठी आधीच करून ठेवला होता. आजी म्हणाल्या, पूर्वी बिस्किटांची ताटे बेकरीत द्यायचो, आता तिथे वेळ मिळत नाही. आमच्या घरीही रमजानच्या शेवटच्या आठवड्यात नानकटाईची ताटे डोक्यावर घेऊन बायका बेकरीत जायच्या आणि प्रत्येक ताटावर ओळखीची खूण करायच्या, हे माझ्या बायकोने सांगितले. त्यावर दोघी बराच वेळ लोणी आणि डालड्याच्या फरकावर बोलत बसल्या.

अंगणात आजोबा चांदणी बांधत होते. मी विचारले, दुकानात तयार मिळते, मग ही खटपट कशाला? ते म्हणाले, “दुकानातली प्लास्टिकची येते जी. अन् बांबू तर ओलाच घ्यावा लागते. वाळला का कामटी सरळ निघत नाही.” बांबू कुठून आणला, हे विचारल्यावर ते हसले. बल्लारपुरात बांबू कुठून येतो हे विचारायची गोष्ट नव्हती.

पण मला ती विचारायची गोष्ट वाटते. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली स्थापन झाली. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे या गिरणीत गेला आणि त्याचा कागद झाला. म्हणजे चांदणीची कामटीही या जंगलाची आणि कागदाचा लगदाही याच जंगलाचा. ज्यांच्या गावाभोवती तो उगवत होता, त्या गोंड आणि माडिया माणसांचा मात्र त्यावर हक्क नव्हता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला होता. बांबू वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. पण कायद्यात तो झाड झाला, आणि झाड सरकारचे. टोपली विणायला आणलेल्या बांबूसाठी माणूस गुन्हेगार ठरू शकत होता, आणि गिरणीला तोच बांबू कराराने मिळत होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. त्याच्या आधारे गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. स्वतःच्या रानातला बांबू स्वतःच्या सहीने विकण्यासाठी या गावाला स्वातंत्र्यानंतर ६४ वर्षे वाट पाहावी लागली. जंगलाबाहेर उगवलेला बांबू २०१७ साली ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला.

हेमलकशाला शाळेतली मुले बांबूच्या वस्तू बनवायला शिकतात. त्यांच्या सणांना ती माडियात ‘पंडुम’ म्हणतात. नवे बी, नवे फळ, नवा बहर यांचा पंडुम केल्याशिवाय ते खायचे नाही, अशी ती शिस्त आहे. या जंगलात दिवाळी बाहेरून आली, ईद बाहेरून आली आणि नाताळही बाहेरून आला. इथल्या मातीतून जर काही उगवले असेल तर पंडुम आणि बांबू. कुणाचा सण परदेशी, असा वाद शहरात घालणाऱ्यांनी भामरागडला येऊन तो घालून पाहावा. तिथे आपण सगळेच पाहुणे आहोत.

आता नातेवाइकांच्या त्या संदेशाकडे येतो. श्रद्धेतला फरक मी पुसून टाकू इच्छित नाही. ईसा अलैहिस्सलाम आमच्यासाठी पैगंबर आहेत, ख्रिस्ती बांधवांसाठी ते देवाचे पुत्र आहेत, आणि कुरआन या बाबतीत स्पष्ट आहे. शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी इथे मिटवू शकत नाही. पण कुरआनच्या एकोणिसाव्या सूरतेचे नाव मरियम आहे. त्यात त्या जन्माची हकीकत येते. एकटी पडलेली बाई प्रसूतीच्या कळांनी खजुराच्या बुंध्याशी येते, तिला धीर दिला जातो, पायाशी पाण्याचा झरा असतो आणि बुंधा हलवला की ताजे खजूर पडतात. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची इतकी काळजी घेणारी ही आयत मुलीला वाचून दाखवायची, आणि त्याच जन्माच्या आनंदात शेजारणीने पाठवलेली करंजी मात्र परत करायची, हे मला जमत नाही. सीरतच्या ग्रंथांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला पैगंबरांनी मदिनेच्या मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिल्याची हकीकत आहे. तिथे कुणाचा ईमान धोक्यात आला नाही.

चांदणीत तर प्रार्थनाही नसते. तिच्यात दहा कामट्या, पाच काड्या, दोरा, खळ आणि कागद असतो. सण तिला अर्थ देतो, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच्याजवळ सुरक्षित राहतो. मुलीने चांदणी बनवली. तिची कामटी चुकीच्या ठिकाणी बांधली गेली आणि एक टोक आखूड राहिले, तरी ती शाळेच्या व्हरांड्यात लागली.

सुट्टी संपल्यावर ती घरी परत आली. काही आठवड्यांनी रमजान लागला. इजिप्तमध्ये रमजानात घरोघरी फानूस टांगतात, हे तिने कुठेतरी पाहिले होते. तिने चांदणीचा लाल कागद ओला करून काढला, सांगाडा पुसला आणि हिरवा कागद चढवायला घेतला. आखूड टोक सोडवून ती नव्याने बांधणार होती, पण कामटी आता वाळली होती. बल्लारपूरच्या आजोबांचे शब्द मला तेव्हा आठवले. मी तिला बुरूडआळीत घेऊन गेलो. ओल्या बांबूची एक कामटी बुरडाने फोडून दिली आणि कशासाठी पाहिजे ते विचारलेही नाही.